भयानें दिलेला होकार

मनुष्य आपल्या देहाविषयीं जे निर्णय करितो त्यांत शस्त्रक्रियेस होकार देणें हा निर्णय इतरांहून वेगळा आहे. औषध मानवलें नाहीं तर तें बंद करितां येतें. पथ्य जाचूं लागलें तर सोडतां येतें. परंतु जो अवयव एकदां कापून काढला तो पुन्हां जागेवर बसवितां येत नाहीं. ह्यास्तव अशा प्रसंगीं तोंडांतून निघणारें "हो" हें साधें अक्षर नव्हे. तें कोणीं उच्चारिलें, काय जाणून उच्चारिलें, आणि "नाहीं" म्हणण्याची मोकळीक असतां उच्चारिलें कीं काय, ह्या तीन गोष्टींवर त्याचें मोल ठरतें. बीड जिल्ह्यांतील स्त्रियांपुढें हा प्रश्न कित्येक वर्षें उभा आहे. तो केवळ वैद्यकाचा नसून नीतीचाही आहे असें आमचें मत असल्यामुळें त्याचा थोडा विस्तारानें विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

वाचकांनीं दोन स्त्रिया डोळ्यांपुढें आणाव्या. पहिली तिशीच्या आंतबाहेरची, ऊसतोडीस जाणारी. तिच्या अंगावरून पांढरें जातें, कंबर धरते, पाळीच्या दिवसांत फार त्रास होतो. ती दवाखान्यांत गेली असतां तिला सांगण्यांत येतें कीं, पिशवी खराब झाली आहे, आतांच काढली नाहीं तर कॅन्सर होईल. दुसरीला अंडाशयाचा कर्करोग खरोखरीच झाला होता. तिची शस्त्रक्रिया झाली, किमोच्या सलाईनी झाल्या, डोक्याचे केस गेले व पुन्हां आले, दोन वर्षें बरीं गेलीं. आणि आतां तपासणींत पुन्हां गांठ दिसत असल्यामुळें दुसऱ्यांदां पोट उघडावें काय असें तिला विचारण्यांत येत आहे. एकीला रोग नाहीं, पण भय आहे. दुसरीला रोग आहे, आणि भय तर आहेच. दोघींसही उत्तर द्यावयाचें आहे. तें कोणत्या मापानें द्यावें?

पहिलीची हकीकत आधीं घेऊं, कारण ती ह्या जिल्ह्यांत एकटी नाहीं. २०१९ सालीं राज्याचे तेव्हांचे आरोग्यमंत्री श्री. एकनाथ शिंदे यांनीं विधान परिषदेंत सांगितलें कीं, मागील तीन वर्षांत बीड जिल्ह्यांतील ९९ खाजगी रुग्णालयांत ४,६०५ स्त्रियांचीं गर्भाशयें काढण्यांत आलीं. पुढें त्याच वर्षीं डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालीं एक समिती नेमण्यांत आली. तिच्या कामीं ऊसतोड करणाऱ्या ८२,३०९ स्त्रियांची पाहणी झाली, आणि तींत १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. म्हणजे दर सहा जणींत सुमारें एकीची. सबंध देशांत पंधरा ते एकूणपन्नास वर्षें वयाच्या स्त्रियांत हें प्रमाण शेंकडा सुमारें तीन आहे, असें राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीवरून दिसतें. एकाच जिल्ह्यांतील, एकाच धंद्यांतील स्त्रियांच्या देहांत असा कोणता विशेष रोग शिरला होता कीं, त्यावर इतक्या जणींस हाच एक उपाय लागू पडावा? विचारी मनुष्य म्हणेल कीं, रोगाचें मूळ देहापेक्षां त्यांच्या कामाच्या रीतींतच अधिक शोधावें लागेल.

ती रीत आमच्या वाचकांस ठाऊक आहे. दसरा-दिवाळी झाली म्हणजे धारूर, वडवणी, केज, पाटोदा, आष्टी, शिरूर कासार ह्या तालुक्यांतील गांवें ओस पडूं लागतात. नवराबायको मिळून एक कोयता धरला जातो. मुकादमाकडून उचल आधींच घेतलेली असते, व ती फिटेपर्यंत देह त्याच्या हिशेबांत बांधलेला असतो. पहाटेच्या अंधारापासून तोडणी, मोळ्या बांधणें, मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडींत चढविणें, आणि रात्रीं कोपींत परत येऊन चूल पेटविणें. तेथें न्हाणी नाहीं, शौचकूप नाहीं, पुष्कळदां पुरेसें पाणीही नाहीं. एका दिवसाचा खाडा पडला तर मजुरी बुडते, आणि वर दंड भरावा लागतो. अशा जागीं पाळीचे चार दिवस स्त्रीनें कसे काढावे? अस्वच्छतेनें संसर्ग होतो, ओझ्यानें कंबर जाते, विश्रांति मिळत नाहीं म्हणून दुखणें मुरतें. दवाखान्यांत ह्या सर्व दुखण्यांस एकच नांव मिळतें, पिशवी. आणि एकच उपाय मिळतो, ती काढून टाकणें.

येथें कोणाएकास चोर ठरवून मोकळें होणें सोपें आहे, पण तें खरें होणार नाहीं. मुकादमास खाडे नको असतात. कांहीं शस्त्रवैद्यांस शस्त्रक्रियेची फी हवी असते. नवऱ्यास कोयता अर्धा राहूं नये असें वाटतें. सासूला सून लवकर उठून बसलेली पाहिजे असते. आणि त्या स्त्रीलाही दर महिन्याची ती कटकट एकदांची संपावी असें वाटत असतें. तिला हात धरून कोणी ओढून नेत नाहीं. प्रत्येकजण आपल्यापुरता थोडासा ढकलतो, आणि ती आपल्या पायांनीं शस्त्रक्रियेच्या टेबलाकडे चालत जाते. कागदावर तिचा अंगठा असतो. कायद्याच्या दृष्टीनें तो होकार होय. नीतीच्या दृष्टीनें तो होकार आहे काय?

ह्या ढकलण्यांत सर्वांत जोराचा धक्का एका शब्दाचा असतो, आणि तो शब्द म्हणजे कॅन्सर. त्या शब्दापुढें शिकलेल्यांची मति गुंग होते, मग कोयत्यावरील बाईची काय कथा? परंतु हें भय कितपत खरें होतें तें पाहूं. सोलापूर जिल्ह्यांत बार्शी येथें १९८७ सालीं खेड्यांतील कर्करोगाची नोंद ठेवण्यास आरंभ झाला. हिंदुस्थानांतील खेड्यांसाठीं अशी नोंदवही प्रथम तेथेंच उघडली. पुढें तेव्हांचा उस्मानाबाद, म्हणजे आतांचा धाराशिव, आणि बीड ह्या दोन जिल्ह्यांची मिळून नोंद होऊं लागली. २०१२ ते २०१६ ह्या सालांच्या आंकड्यांचा राष्ट्रीय अहवाल २०२० सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत देशांतील २८ नोंदवह्यांची तुलना आहे, आणि स्त्रियांच्या कर्करोगाचें प्रमाण सर्वांत कमी कोठें आढळलें तर उस्मानाबाद व बीड येथें: वयाचा मेळ घालून लाखामागें वर्षाला सुमारें ४९. कांहीं रोगी निदानावांचून व नोंदीवांचून राहत असतील हें मान्य करूनही एक गोष्ट उरतेच. ज्या मुलखांत स्त्रियांच्या कर्करोगाची नोंद देशांत सर्वांत कमी, त्याच मुलखांत त्याच्या नांवानें इतकीं गर्भाशयें काढलीं गेलीं.

शिवाय, भय खरें मानिलें तरी त्यावर सुरी हाच उपाय होता असें नाहीं. अंगावरून पांढरें जाणें हें बहुधा संसर्गाचें लक्षण असतें आणि तें औषधानें बरें होतें. गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगाची शंका असेल तर तपासणी आहे, आणि तिचा गुण दूर देशांत नव्हे तर शेजारच्याच उस्मानाबाद जिल्ह्यांत दिसून आला. तेथें सुमारें १ लाख ३१ हजार स्त्रियांवर एक मोठी चाचणी झाली, व तिचा निष्कर्ष २००९ सालीं प्रसिद्ध झाला. ज्या गांवांतील स्त्रियांची एच.पी.व्ही. नांवाच्या विषाणूसाठीं एकदांच तपासणी करून लागेल त्यांस उपचार दिले, तेथें ह्या रोगाचे मृत्यू, तपासणी न झालेल्या गांवांच्या मानानें, सुमारें निम्मे झाले. तपासणी ही भयाला उत्तर देते. तपासणीवांचून केलेली शस्त्रक्रिया भयालाच आज्ञा मानिते.

पिशवी गेल्यानें काय बिघडतें, असेंही कोणी विचारील. मुलें झालीं, आतां तिचें काम काय? पुष्कळ ठिकाणीं गर्भाशयाबरोबर दोन्ही अंडाशयेंही काढिलीं जातात, आणि स्त्रीला तें सांगितलेंही जात नाहीं. अंडाशयांचें काम केवळ बीज देण्याचें नव्हे. त्यांतून जो स्राव रक्तांत जातो त्यानें हाडें बळकट राहतात व हृदयाचें रक्षण होतें. चाळिशीच्या आंत तीं काढिलीं तर जी पाळी पन्नाशीच्या सुमारास सहज थांबावयाची ती एका दिवसांत थांबते. अंगांत आग होते, झोंप उडते, हाडें ठिसूळ होतात, हृदयविकाराचा संभव वाढतो. अंडाशयें राखलीं तरी कांहीं जणींची पाळी-निवृत्ति कांहीं वर्षें लवकर येते. ज्या देहाच्या बळावर मोळी उचलावयाची तो देहच अशानें खचतो. आणि शस्त्रक्रियेसाठीं घेतलेली रक्कम पुष्कळदां मुकादमाच्याच उचलींत मिळविली जात असल्यामुळें कष्ट वाढतात व बळ घटतें.

ह्या प्रश्नास एक जुना इतिहास आहे, आणि तो अंडाशयाच्याच शस्त्रक्रियेपासून सुरू होतो. १८०९ सालीं अमेरिकेंतील केंटकी प्रांतांत जेन टॉड क्रॉफर्ड नांवाची एक शेतकऱ्याची बायको होती. तिचें पोट इतकें वाढलें होतें कीं, जुळीं मुलें असावीं असें लोकांस वाटे. एफ्राइम मॅक्डॉवेल नांवाच्या डॉक्टरानें तपासून सांगितलें कीं, हा गर्भ नव्हे, अंडाशयाची गांठ आहे. अशी गांठ पोट उघडून काढल्याचें त्यानें कधीं ऐकिलें नव्हतें. त्यानें तिला तिची स्थिति स्पष्ट समजाविली, हा केवळ प्रयोग होईल हें लपविलें नाहीं, आणि तिची इच्छा असेल तर तिनें आपण राहतों त्या डॅनव्हिल गांवीं यावें असें सांगितलें. ती घोड्यावर बसून साठ मैल गेली. गुंगीचें औषध त्या काळीं नव्हतें. ती स्तोत्रें म्हणत राहिली असें परंपरा सांगते. सुमारें पंचवीस मिनिटांत साडेबावीस पौंडांची गांठ निघाली, आणि ती बाई त्यानंतर बत्तीस वर्षें जगली.

ह्या कथेंत सर्वजण डॉक्टराच्या धैर्याची वाखाणणी करितात. आम्हांस त्यापेक्षां मोठें वाटतें तें त्याचें खरें बोलणें, व त्या साठ मैलांचा रस्ता. त्या रस्त्यावर कोठूनही ती परत फिरूं शकली असती. सत्य ऐकून, विचारास अवधि मिळून, परत फिरण्याची मोकळीक असतां ती पुढें गेली. म्हणून तिचा होकार खरा. परंतु त्याच डॉक्टरानें १८१७ सालीं आपल्या शस्त्रक्रियांचा जो वृत्तांत छापला, त्यांत तिच्यानंतरच्या दोन स्त्रिया कृष्णवर्णी असून त्यांचीं नांवेंही दिलेलीं नाहींत. गुलामगिरीच्या त्या प्रांतांत अशा स्त्रियांस "नाहीं" म्हणण्याची मुभा कितीशी असणार? तोच हात, तीच सुरी, तोच रोग. पण होकाराचा अर्थ मात्र बदलला.

पुढें १८७२ सालीं जॉर्जिया प्रांतांत रॉबर्ट बॅटी नांवाच्या शस्त्रवैद्यानें आणखी एक पाऊल टाकिलें. गांठ नसतां, केवळ पाळीच्या वेदना, झटके व मनाचे विकार बरे व्हावे म्हणून त्यानें अंडाशयें काढण्याचा प्रघात पाडिला. ती रीत अमेरिकेंत व युरोपांत पसरली. पुष्कळ स्त्रियांचीं निरोगी अंडाशयें गेलीं. आणि तिनें गुण येत नाहीं असें दिसून आल्यावर शतकाच्या अखेरीस ती मागें पडली. त्या डॉक्टरांपैकीं कित्येक सद्हेतूचे होते. ह्यावरून हें दिसतें कीं, सद्हेतु पुरेसा नाहीं. ज्या काळांत स्त्रीचें दुखणें ऐकून घेण्यापेक्षां कापून टाकणें सोपें वाटतें, त्या काळांत सज्जनाच्या हातूनही अन्याय घडतो.

आतां दुसऱ्या स्त्रीकडे वळूं. तिच्या बाबतींत सुरी ही शत्रु नव्हे. पहिल्या खेपेस तीच तिची मित्र होती. अंडाशयाचा कर्करोग पोटांत गुपचूप वाढतो. पोट फुगल्यासारखें वाटणें, दोन घांसांतच पोट भरणें, ओटीपोटांत दुखणें, वारंवार लघवीस लागणें, अशीं त्याचीं लक्षणें साधीं असल्यामुळें तो बहुधा उशिरां कळतो. तो कळल्यावर शस्त्रक्रिया व किमो हेच मुख्य उपाय, आणि तेथें भयानें शस्त्रक्रिया टाळणें हें भयानें ती करून घेण्याइतकेंच घातक आहे. म्हणून आमच्या ह्या लेखावरून कोणी असें समजूं नये कीं, शस्त्रक्रिया म्हटली कीं ती टाळावी. जीस खरा रोग आहे तिनें विलंब लावूं नये.

परंतु उपचार पुरे झाल्यानंतर पुन्हां पोट उघडावें काय, हा प्रश्न इतका सोपा नाहीं. १९७० व १९८० च्या दशकांत किमो संपली कीं आंत कांहीं उरलें आहे काय हें पाहण्यासाठीं पुन्हां शस्त्रक्रिया करण्याची चाल पुष्कळ ठिकाणीं होती. कालांतरानें दिसून आलें कीं, तेवढ्यानें आयुष्य वाढत नाहीं. तेव्हां ती चाल मोडली. २०१० सालीं प्रसिद्ध झालेल्या एका चाचणींत असें दिसलें कीं, त्रास नसतां केवळ रक्तांतील सी.ए. १२५ हा अंश वाढला म्हणून लगेच किमो सुरू केलेल्या स्त्रिया, त्रास होईपर्यंत वाट पाहिलेल्या स्त्रियांपेक्षां अधिक जगल्या नाहींत. रोग उलटल्यावर दुसरी शस्त्रक्रिया करण्याविषयीं २०१९ सालीं अमेरिकन शास्त्रज्ञांच्या चाचणीचा निष्कर्ष आला कीं, तिनें आयुष्य वाढलें नाहीं. मग २०२१ सालीं जर्मन डॉक्टरांच्या पुढाकारानें झालेल्या चाचणीनें सांगितलें कीं, नीट पारखून निवडलेल्या स्त्रियांत तें वाढतें. केवळ औषध घेणाऱ्यांपैकीं निम्म्या स्त्रिया ४६ महिन्यांहून अधिक जगल्या, आणि शस्त्रक्रियाही झालेल्यांपैकीं निम्म्या सुमारें ५४ महिन्यांहून अधिक. पण हा लाभ ज्यांची गांठ पूर्णपणें निघाली त्यांसच झाला. ज्यांची अर्धवट राहिली त्यांनीं शस्त्रक्रियेचें दुःख सोसलें, आणि हातीं कांहीं लागलें नाहीं.

ह्याचा अर्थ काय? तज्ज्ञ मंडळींतही जेथें एकच उत्तर नाहीं, तेथें "काढा" किंवा "काढूं नका" असें सर्व स्त्रियांस सांगणारा नियम असूं शकत नाहीं. उत्तर त्या एका स्त्रीच्या देहावर, तिच्या गांठीच्या जागेवर, तिच्या बळावर, आणि तिला आपले उरलेले दिवस कसे काढावयाचे आहेत त्यावर अवलंबून आहे. एखादी म्हणेल, लेकीचें लग्न पाहीपर्यंत जितकें सोसवेल तितकें सोसतें. दुसरी म्हणेल, दवाखान्यांतील तीन महिन्यांपेक्षां घरच्या ओसरीवरचा एक महिना मला गोड आहे. पहिलीस जीविताचा लोभ सुटला असें म्हणूं नये, आणि दुसरीनें धीर सोडला असेंही म्हणूं नये. दोघींनीं सत्य ऐकून ठरविलें असेल तर दोघींचेंही ठरविणें योग्यच आहे.

आतां मापाचा प्रश्न सुटतो. रोग असो वा केवळ रोगाचें भय असो, खऱ्या होकाराचीं लक्षणें तींच तीन आहेत. पहिलें लक्षण सत्य: काय झालें आहे, तें कशावरून ठरविलें, काय काढणार, त्यावांचून दुसरा उपाय आहे काय, आणि पुढें देहाचें काय होईल, हें तिला तिच्या भाषेंत कळलें पाहिजे. दुसरें लक्षण अवधि: विचार करावयास, घरीं बोलावयास, दुसऱ्या डॉक्टराचें मत घ्यावयास वेळ मिळाला पाहिजे. तिसरें, आणि बीड जिल्ह्यांत सर्वांत दुर्मिळ, लक्षण मोकळीक: "नाहीं" म्हटल्यास पोट मारलें जाणार नाहीं, एवढा तरी आधार पाहिजे. जिला विश्रांतीचा एक दिवस घेतां येत नाहीं, तिला पिशवी राखण्याचें स्वातंत्र्य आहे असें म्हणणें ही थट्टा आहे.

येथें तीन आक्षेप निघतात. पहिला असा कीं, अडाणी बाईस वैद्यकांतलें काय समजणार? आम्ही विचारतों, केंटकींतील त्या शेतकऱ्याच्या बायकोस शरीरशास्त्राचें कोणतें शिक्षण होतें? तिला समजलें, कारण सांगणाऱ्यानें समजाविलें. जी बाई उचलीचा हिशेब तोंडीं ठेविते, पावसाच्या चिन्हांवरून पेरणी ठरविते, तिला आपल्या देहाची हकीकत समजणार नाहीं हें म्हणणें सांगण्याचा कंटाळा लपविण्यासाठीं असतें.

दुसरा आक्षेप असा कीं, विचार करीत बसल्यानें रोग वाढेल. रक्तस्राव थांबत नसेल, गांठीस पीळ पडला असेल, तर थांबूं नये हें खरेंच. परंतु बहुतेक प्रसंगीं सोनोग्राफीचा कागद घेऊन अंबाजोगाईच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत किंवा बार्शीच्या कर्करोग रुग्णालयांत जाऊन येण्याइतका वेळ असतो. "आजच्या आज काढा" असें ज्याला म्हणावयाचें असेल त्यानें आजच कां, याचें कारण सांगितलें पाहिजे.

तिसरा आक्षेप अधिक नाजूक आहे. कांहीं स्त्रिया आपण होऊनच शस्त्रक्रिया मागतात. त्यांस अडविणारे आपण कोण? आम्ही त्यांस मुळींच दोष देत नाहीं. ज्या वाटेवर सर्व दारें बंद आणि एकच उघडें, त्या दारानें जो गेला त्यानें तें निवडलें असें म्हणतां येत नाहीं. दोष बंद दारांचा आहे. फडावर पाणी, आडोसा, पाळीच्या दिवसांत खाड्यावांचून विसावा, आणि औषधोपचार मिळाला असतांही जी स्त्री विचारानें शस्त्रक्रिया मागेल, तिचें मागणें आपण ऐकावें.

ह्या विषयांत सरकारानें अगदींच कांहीं केलें नाहीं असें नाहीं. २०१९ नंतर बीड जिल्ह्यांत अशा शस्त्रक्रियेपूर्वीं जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेण्याची अट घालण्यांत आली. ५ एप्रिल २०२३ रोजीं, डॉ. नरेंद्र गुप्ता यांनीं बिहार, छत्तीसगड व राजस्थान येथील अशाच प्रकारांविषयीं केलेल्या अर्जावर निकाल देतांना, सर्वोच्च न्यायालयानें सर्व राज्यांस अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रिया रोखण्याविषयींचीं केंद्राचीं मार्गदर्शक तत्त्वें तीन महिन्यांत अमलांत आणण्यास सांगितलें. हें योग्यच झालें. परंतु परवानगीचा कागद सुरी थांबवूं शकतो. त्या स्त्रीची कंबर बरी करूं शकत नाहीं. अटीमुळें खरी गरज असलेलीस हेलपाटे पडूं नयेत, आणि गरज नसलेली दुसऱ्या जिल्ह्यांत जाऊन तेंच करून येऊं नये, ह्यासाठीं जें करावयाचें तें गांवांतच करावें लागेल.

तें काय करावें, हें थोडक्यांत सांगतों. कोणा भगिनीस शस्त्रक्रिया सांगितली असेल तर तिच्याबरोबर दवाखान्यांत कोणीतरी लिहितां वाचतां येणारें माणूस जावें, आणि हे प्रश्न विचारावे: रोगाचें नांव काय? तपासणीचा अहवाल कोठें आहे? औषधानें पाहिलें काय? गर्भाशयच काढणार कीं अंडाशयेंही? काढलेला अवयव प्रयोगशाळेंत तपासला जाईल काय, व तो अहवाल आम्हांस मिळेल काय? जीस कर्करोगानंतर दुसरी शस्त्रक्रिया सांगितली आहे तिच्यासाठीं आणखी दोन प्रश्न आहेत: सर्व गांठ निघण्याचा संभव कितपत आहे? आणि न केल्यास दुसरा मार्ग कोणता? चांगल्या डॉक्टरास ह्या प्रश्नांचा राग येत नाहीं. उलट त्यास असा रोगी आवडतो.

पतींस आमचें विशेष सांगणें आहे. बायकोच्या देहाचा निर्णय तुम्हीं करावयाचा नाहीं. पण तिला तो निर्भयपणें करितां यावा म्हणून खाड्याचा दंड तुम्हीं सोसावयाचा आहे. "तुला काय वाटतें?" हा प्रश्न विचारून उत्तर येईपर्यंत गप्प बसणें ही पुष्कळ घरांत अद्याप न झालेली गोष्ट आहे. ज्येष्ठ बायांनीं सुनेच्या दुखण्यास "बाईच्या जन्माला हें असायचंच" असें म्हणून झांकूं नये, आणि शेजारणीची पिशवी काढली म्हणून हिचीही काढा असा सल्लाही देऊं नये. गांवांतील मंडळींनीं सुगीच्या वेळीं जशी बियाण्याची तजवीज होते तशी आजारी कोयत्यासाठीं थोडी रक्कम बाजूस ठेविली, तर मुकादमाच्या उचलीवांचून एक आठवडा घरीं राहण्याची सोय होईल. मोकळीक म्हणजे पुष्कळदां केवळ एवढेंच, सात दिवसांची भाकर.

आणि ज्यांची शस्त्रक्रिया होऊन गेली आहे, त्या हजारों भगिनींस काय सांगावें? हें कीं, त्यांनीं कांहीं पाप केलें नाहीं, आणि त्या अपुऱ्याही झाल्या नाहींत. जें सांगण्यांत आलें त्यावर त्यांनीं विश्वास ठेविला. विश्वास ठेवणाऱ्याचा तो दोष नव्हे. त्यांनीं आपले कागद जपून ठेवावे, अंडाशयें राहिलीं आहेत कीं नाहीं तें विचारून घ्यावें, हाडें दुखूं लागलीं, दम लागूं लागला तर तें वयावर न घालतां सरकारी दवाखान्यांत दाखवावें, आणि आपल्या लेकीसुनांस आपली हकीकत लाज न धरितां सांगावी. त्यांच्या तोंडची ही हकीकत ऐकून एखादी तरुण मुलगी दवाखान्याच्या पायरीवर क्षणभर थांबली आणि "आधीं तपासणी करूं" असें म्हणाली, तर तें थोडें नव्हे.

भय हें मनुष्यास दिलेलें एक उपयुक्त ज्ञान आहे. तें धोका दाखवितें. पण धोका दाखविणें एवढेंच त्याचें काम आहे. वाट ठरविणें हें त्याचें काम नव्हे. वाट सत्यानें ठरावी, आणि तीवरून चालावें कीं नाहीं हें जिचा देह तिनें ठरवावें. पहिल्या स्त्रीनें "नाहीं" म्हटलें व दुसरीनें "हो" म्हटलें, किंवा याच्या उलट झालें, तरी आम्हांस दोन्हींत समाधान राहील; मात्र तें उत्तर देतांना तिच्या शेजारीं खरें सांगणारें कोणी होतें, तिला घाई करणारें कोणी नव्हतें, आणि तिच्या चुलीवरची भाकर त्या उत्तरावर टांगलेली नव्हती, एवढें आपण पाहिलें पाहिजे. येता हंगाम सुरू होण्यापूर्वीं प्रत्येक गांवानें ह्याचा विचार करावा, अशी आमची वाचकांस विनंति आहे.